रस्त्याकडची ओळ

२ मे
वनरक्षक येऊन गेला. जीपमधून उतरलासुद्धा नाही! बांधावरच्या रस्त्यावरूनच म्हणाला, "बाई, तुमची खारफुटी झकास!" असणारच. माझ्या कोळसा भट्टीवर नियम एकच — लाकूड तोडताना रस्त्याकडच्या झाडांना हात लावायचा नाही. बाकीचं मुकादम बघतो.

५ मे
शहरात गॅस मिळेना. खाणावळवाले कोळशासाठी दारात. दुसरी भट्टी पेटवली.
धाकटी बहीण तणतणत आली. बांधाच्या आत, सखल जागी तिचं घर आणि भाजीचा मळा.
"ताई, तुझ्या धुरानं माझी फुलं गळतात."
"तुझ्या जिभेनं गळत असतील."
हसली. मग हळूच म्हणाली, "यंदा भरती फार वर चढते गं. बांध सुकतच नाही."
"समोर झाडं आहेत," मी सुनावलं. वनस्पतिशास्त्र शिकलेय मी — मुळं लाट अडवतात.

९ मे
रेडिओवर वादळाचा इशारा. ऐन उधाणात! सामान हलवू का, म्हणून धाकटीनं विचारलं. कशाला? म्हटलं. घाबरट कुठली.

१० मे
वारा पडलेला. अंगाची लाही.
माल मोजायला म्हणून होडीनं समुद्राच्या बाजूला गेले. वर्षभरात पहिल्यांदाच.
बुंधे. नुसते तोडलेले बुंधे! रस्त्याकडची एक दाट ओळ, आणि तिच्यामागे काही नाही.
मुकादमाला धारेवर धरलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, रस्त्याकडची सोडून? एक काडी मोडली नाही तिथली."
खरंय. शब्दन् शब्द पाळला त्यानं.
तशीच धाकटीकडे गेले. "ऊठ. पोरं घे, चल."
"काल तर घाबरट म्हणालीस!"
कारण सांगितलं नाही. ओरडले फक्त. पोरं निघाली, शेळी निघाली, भांडी निघाली. मळा कुठे उचलता येतो!

१२ मे
बांध तीन ठिकाणी फुटला. माणसं वाचली. मळ्यात कमरेएवढं खारं पाणी.
"बरं झालं, तू ओरडलीस," धाकटी म्हणाली. मी भांडी विसळत राहिले.

२३ मे
पाणी ओसरलं. मळा मिठानं पांढरा. धाकटी सकाळीच भट्टीवर आली. "आता काही वर्षं मळ्यात काही उगवायचं नाही, ताई. मला तोडीला घे."
घेतलं. उद्यापासून खाडीपलीकडची खारफुटी.