फळ्याच्या उंचीवरचा टीव्ही

१४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
निर्णय झाला. नवा टीव्ही घ्यायचा. स्मार्ट. या वहीत यापुढे 'दूरचित्रवाणी संच' असंच लिहीन. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेल्या माणसाने टीव्ही लिहू नये.

कारण लिहून ठेवतो. रिटायर होऊन साडेतीन महिने झाले. आशा, म्हणजे पत्नी, रोज संध्याकाळी सात वाजता शेजारच्या उर्वशीबाईंकडे मालिका पाहायला जाते ती साडेआठला येते. दीड तास घरात मी एकटा. दोष तिचा नाही. आपला संच जुना, बत्तीस इंची, त्यात माणसं हिरवी दिसतात. संच मोठा आला की ती घरी बसेल. संध्याकाळी घरात दोन माणसं असतील. इतकंच हवं आहे.

उर्वशीबाईंचा संचही बत्तीस इंचीच आहे, पण तो मुद्दा वेगळा.

१५ ऑक्टोबर
जाताना आशा म्हणाली, "मी येतो उर्वशीकडून." मी 'येते' अशी दुरुस्ती केली. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या टोकाला, बायका स्वतःला पुल्लिंगी क्रियापद लावतात. चौतीस वर्षं इलाज चालू आहे. ती चपला घालून गेली. आमच्यात वाद असा कधी होतच नाही.

मुलीचा, चंचलचा, चंद्रपूरहून फोन. आई तुमच्याशी काऊन बोलत नाई, असं विचारत होती. मी म्हटलं, काऊन नाही, का. फोन कट झाला. तिच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहे.

१९ ऑक्टोबर. चंद्रपूर
सकाळच्या बसने आलो. चंचल दुकानात सोबत. सोबत टेपही नेला होता. पंचावन्न इंची म्हणून दाखवलेला संच मोजला, अठ्ठेचाळीस भरला. दुकानदाराला, निकेश नावाच्या इसमाला, चारचौघांत तसं सांगितलं. त्याने टेप माझ्या हातातून घेऊन तिरपा धरला. पंचावन्न. मी त्याची परीक्षा घेत होतो असं सांगितलं. चंचल मिक्सर पाहायला गेली.

सगळ्या संचांवर वाघ फिरत होता. निकेश म्हणे, सर, जंगल का कलर देखिए. आम्ही ब्रह्मपुरीचे. गेल्याच आठवड्यात आरमोरी रोडला वाघ दिसला म्हणून माझं फिरणं बसस्टँडपर्यंतच आलंय. कलर माहीत आहे.

एक संच पसंत केला, कारण त्याच्या रिमोटला मराठीत बोलून सांगता येतं. चंचल म्हणाली, आईले मोठ्या बटनांचा साधा रिमोट पाह्यजे. मी म्हटलं, आईला. बोलणारा संच घेतला. आशाला बोलायला शिकवीन. आपोआप शुद्ध बोलेल.

२४ ऑक्टोबर
टीव्ही आला. (दूरचित्रवाणी संच फार लांब पडतं. वहीत जागा कमी आहे.)

बसवायला बिरजू मेकॅनिक. पन्नाशीचा, अनुभवी, पण हट्टी. म्हणे सोफ्यावर बसलं की डोळ्यांच्या समोर यावा. मी फळ्याच्या उंचीवर लावायला सांगितला. फळा तिथे असतो त्याला कारण असतं, मागच्या बाकावरच्यालाही दिसला पाहिजे. बिरजूने खोलीभर नजर फिरवली. "सर, इथी लास्ट बेंच कुठी हाये?"

तरी तिथेच लावला. मान थोडी वर करावी लागते. सवयीचा प्रश्न आहे.

वाय-फायचा पासवर्ड मीच ठेवलेला आहे, 'शुद्धलेखन', इंग्रजी अक्षरांत. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर शोधत टाकायचा. तीन वेळा चुकला. चौथ्यांदा बिरजूने टाकला. स्पेलिंग मी सांगितलं होतं तसं नव्हतं, असं तो म्हणाला.

२५ ऑक्टोबर
वेळापत्रक करून टीव्हीखाली चिकटवलं. सात ते साडेसात बातम्या. साडेसात ते आठ मालिका. आठ ते सव्वाआठ चर्चा. आशाने वाचलं. हं म्हणाली.

संध्याकाळी हजेरी पूर्ण. आशा सोफ्यावर, मी खुर्चीवर. सात वाजता ती घरात होती. पुन्हा लिहितो, घरात होती.

स्मार्ट टीव्हीचा मोठा फायदा म्हणजे मालिका मध्येच थांबवता येते. उर्वशीबाईंकडे ही सोय नाही. नायिका 'मी तुझी मदत करेल' म्हणाली तिथे थांबवून बरोबर वाक्य सांगितलं. असं फक्त अकरा वेळा झालं. बावीस मिनिटांचा भाग पाऊण तासात संपला, पण संपूर्ण समजला. चर्चेत दोन सोपे प्रश्न विचारले. मान दुखून राह्यली म्हणून ती झोपायच्या खोलीत गेली.

पहिला दिवस म्हणून समाधानकारक.

२६ ऑक्टोबर, सायंकाळी ७.०५
"मी येतो उर्वशीकडून."

२८ ऑक्टोबर
बोलून टीव्ही चालवायचा अभ्यास सुरू. रिमोटचं बटन दाबून धरायचं आणि सांगायचं. श्रुतलेखनाची पद्धत उत्तम, प्रत्येक शब्द दोनदा, मध्ये थांबून. म्हटलं, "कृपया. कृपया." पुढे 'बातम्या' म्हणायच्या आतच त्याने कृपेचं भजन लावलं. तेरा वेळा प्रयत्न केला. वेगवेगळी तेरा भजनं. यंत्रात घाई फार आहे. मुलंही अशीच असत, शब्द पूर्ण होण्याआधी लिहून मोकळी.

उद्या अजून सावकाश बोलून पाहीन.

५ नोव्हेंबर
भाऊबीज झाली. आशाच्या माहेरी नागभीडकडे मंडई आहे. मंडई म्हणजे गावभर पाहुणे, दुकानं, नाटक. ती भावासोबत गेली, चार दिवसांसाठी. मलाही बोलावणं होतं. गेल्या वर्षी नाटक चालू असताना मी नटाचा एक उच्चार बसल्या जागेवरून दुरुस्त केला होता, तेव्हापासून तिचा भाऊ बोलावणं जरा हळू आवाजात करतो. मी टीव्हीची देखरेख करायला थांबलो.

७ नोव्हेंबर
टीव्हीला काही समजलं नाही की तो म्हणतो, "क्षमा करा, मला कळलं नाही. पुन्हा सांगाल का?" वाक्य निर्दोष. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी इतकं नीट बोललं.

आज काही हवं नसताना चारपाच वेळा बटन दाबलं.

८ नोव्हेंबर
भात उरला. मला एकटं वाटतंय. नोंद म्हणून लिहितो.

१२ नोव्हेंबर
आशा परत येऊन तीन दिवस झाले. आज आंघोळ करून बाहेर आलो तर ती रिमोट तोंडाशी धरून उभी. म्हणाली, "अवो, ते मंडईतलं नाटक लाव ना, हासाचं." एका दमात. कृपया नाही. टीव्हीने तत्काळ नाटक लावलं. तेच. हासाचंच.

मी घेऊन पाहिलं. "हास्यप्रधान. हास्यप्रधान. नाटक." क्षमा करा, मला कळलं नाही.

दुपारी कंपनीच्या हेल्पलाइनला तक्रार केली की तुमच्या यंत्राला चुकीची भाषा समजते. तिथल्या बाईंनी विचारलं, म्हणजे सर, टीव्ही चालतोय ना? मी म्हटलं चालतोय, तोच प्रॉब्लेम आहे. त्यांनी तक्रार बंद केली आणि मला पाचपैकी स्टार द्यायला सांगितले.

१४ नोव्हेंबर
मोठी बातमी. घरात एकटं बसण्यापेक्षा तीन दिवस संध्याकाळी फिरायला जातोय. आज लवकर, साडेसातला आलो तर आशा घरी. उर्वशीबाईंकडे गेलीच नव्हती. काल आणि परवाही गेली नव्हती असं कळलं. एक महिना पूर्ण व्हायच्या दिवशीच योजना यशस्वी. पेढे आणायचा विचार होता, पण दुकान उलट्या दिशेला.

एक तपशील राहिला. फाटकातच हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं टीव्हीचा. मग कळलं आशाचा आहे. मी हा आवाज ओळखला नाही, कारण हल्ली ऐकण्यात नव्हता. आत उर्वशीबाई, मागच्या गल्लीतली साधना आणि आशा, तिघी जमिनीवर चटई टाकून, उशा घेऊन आडव्या. टीव्ही बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणजे उंचीचा माझा अंदाज योग्यच होता, बसणारे चुकत होते. बिरजूला सांगितलं पाहिजे.

मला पाहून तिघी उठून बसल्या, पदर सारखे केले. मी म्हटलं, चालू द्या. उर्वशीबाईंना भाजी गॅसवर असल्याचं आठवलं, साधनाला पण. चार मिनिटांत खोली रिकामी. चटईची घडी घातली गेली.

१८ नोव्हेंबर
टीव्हीत आधी बोललेलं सगळं साठून राहतं हे आज सापडलं. माझी पानभर 'कृपया' आहेत. मध्ये मध्ये आशाचं. शुद्धलेखन तपासायच्या हेतूनेच वाचलं.

'अंबाडीची भाजी आंबट झाली त काय टाकाचं.'
'मले झोप नाई येत.'
'रिटायर झालेला नवरा दिवसभर काय करते.'
'नवरा बोलाले लागला त आवाज कसा बंद कराचा.'

शेवटचा प्रश्न तांत्रिक आहे. मी बोलत असताना टीव्हीचा आवाज बंद करून नीट ऐकता यावं, असा तिचा हेतू दिसतो. म्यूटचं बटन उद्या दाखवीन. तिसऱ्यावरून तिला माझी काळजी आहे हे उघड आहे.

झोपेचं मात्र मला कधी सांगितलं नाही. त्याच खोलीत मी झोपतो. टीव्हीला सांगितलं. वाईट वाटलं. वाक्यात चूक होती तीही दिसली, पण आधी वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर
म्यूटचं बटन दाखवायला आज फिरणं रद्द केलं आणि सातला सोफ्यावर बसलो. झोपेचंही विचारायचं ठरवलं होतं. फाटक वाजलं. उर्वशीबाई पायरीपर्यंत आल्या, माझ्या चपला पाहिल्या आणि परत गेल्या. आशा टीव्ही न लावता बसली. मीही बसलो. बत्तीस मिनिटं. मी विचारलं, झोप येत नाही का तुला? ती म्हणाली, येते. बरोबर रूप वापरलं.

मग तिने सांगितलं, "तुमी फिराले जात जा ना. मले काई घाई नाई. साडेआठले आले तरी चालते."

या वर्षात ती माझ्याशी बोललेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. तीन वाक्यं. मी म्हटलं, "आलात तरी चालेल." तिने मान हलवली. मी चपला घातल्या.

२५ नोव्हेंबर
फिरण्याची नवी वेळ, सात ते साडेआठ. प्रकृतीला चांगलं. आशा रोज संध्याकाळी घरी असते. सभेला आता पाच बायका येतात, चटया दोन झाल्या. वेळापत्रकाचा कागद कुणीतरी काढला. भिंतीचा रंग निघाला नाही, हे विशेष.

उर्वशीबाईंचे यजमान एकटेच बसलेले दिसले त्यांच्या टीव्हीसमोर. हात केला. त्यांनी आत बोलावलं नाही.

२ डिसेंबर, सायंकाळी ८.०५. ब्रह्मपुरी बसस्टँड
आज थंडी आहे. वही सोबत आणली, वेळ सत्कारणी लागावा म्हणून. बाकावर मी आणि गडचिरोलीच्या बसची वाट पाहणारे दोघे. त्यांची बस आली, ते गेले.

टीव्हीच्या खरेदीबाबत एकंदर समाधानी आहे. ज्यासाठी घेतला ते झालं. संध्याकाळी घर भरलेलं असतं. आता हळूहळू मीही साडेआठऐवजी सव्वाआठला, मग आठला, अशी सवय लावीन. जानेवारीपर्यंत सातला घरी. चटईवर नको, खुर्ची दाराजवळ लावून. बोलणार नाही. फक्त बसेन.

चौकशीच्या खिडकीत पत्रू असतो, माझाच जुना विद्यार्थी. आता त्याच्याही डोक्यावर केस राहिले नाहीत. दोन आठवडे नुसता नमस्कार करत होता. आज बाहेर येऊन बाजूला बसला. "सर, रोज येऊन राह्यले तुमी. कुठी जाचं हाये?"

घरी, म्हटलं.

"मंग जा ना."

खिडकीवरच्या घड्याळात पाहिलं. अजून पंचवीस मिनिटं होती.