पहिलं बाक

६ फेब्रुवारी १९५५, रविवार

गुणवंतराव ठेकेदारांची सागवानी बाकं आज ख्रिस्तमंदिरात आली! आजवर आम्ही सगळे सतरंजीवर बसत होतो — प्रभूचं काही अडलं नव्हतं. पहिल्या बाकावर पितळी पाटी: ‘गुणवंतरावांकडून प्रभुचरणी.’ प्रभूच्या नजरेतून सुटायला नको ना! लोक बाकांवरून हात फिरवत होते, जशी काही वेदीच ती. पाळक मी — आभाराची प्रार्थना मलाच करावी लागली. जीभ कडू झाली.

९ फेब्रुवारी

पोचू गेला. आलापल्लीच्या जंगलात गुणवंतरावांच्याच कटाईवर होता. बंडीत चढवताना ओंडका सुटला — थेट छातीवर. गेल्या नाताळातच नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला होता.

गुणवंतराव मातीला आले, इस्त्रीच्या कोटात. “पाळकसाहेब, प्रभूची इच्छा!” ही इच्छा दरवेळी मजुराच्याच छातीवर बरी पडते! ठेकेदाराच्या अंगावर साधी फांदी पडल्याचं कधी ऐकलं नाही.

पोचूची बायको बुधरी रडली नाही. नुसती बघत होती.

१३ फेब्रुवारी, रविवार

बुधरी आज सगळ्यांच्या आधी आली आणि सरळ पहिल्या बाकावर बसली. अनवाणी, लुगडं धुळीनं भरलेलं. मागून गुणवंतरावांची बायको रंभाबाई आली.

“ऊठ वं! आमची जागा हाय हे. खाली बस तिकडं.”

बुधरी उठली. खाली बसली. सगळी मंडळी गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून!

मी उतरलो. पहिलं बाक ओढत बाहेर नेलं. मग दुसरं. मग बाकीची. “ज्याला मानाची जागा पाहिजे त्यानं कचेरीत जावं! इथं सगळे जमिनीवर!”

गुणवंतराव बायकोला घेऊन निघून गेले. मागोमाग निम्मी मंडळी. जाऊ देत! यांना तारणारा नकोच आहे, मुनीम हवा आहे.

१४ फेब्रुवारी

पंचांची बैठक. सगळ्यांच्या वतीनं सुकलू पंच बोलला, “भाऊ, गुणवंतरावायच्याच भरोशावर मंदिराचं छप्पर उभं हाय. माफी मागून टाका. नाई तं तुमची बदली करतीन.”

करा बदली! छपरासाठी जीभ गहाण टाकणारी माणसं. कीव नाही येत — किळस येते.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी बुधरी आली. वाटलं, आभार मानायला. ओट्याच्या कडेला टेकली.

“पाद्रीभाऊ, बाक काऊन काढलं?”

“तुझा अपमान झाला म्हणून.”

“मले इचारलं का? थ्या बाकाचं झाड माह्या मालकानं तोडलं होतं. घरी येऊन सांगे, देवाच्या घरचं लाकूड हाय. म्हणून बसली होती मी थ्याच्यावर. रंभाबाईनं मले उठवलं. तुमी तं बाकच नेलं!”

उठून चालू लागली. हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारणार?

१८ फेब्रुवारी

प्रार्थना जमली नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

पहिलं बाक परत आत ठेवलं. बुधरी येऊन बसली. मंडळी थोडीच. दुसऱ्या गीताला रंभाबाई दारात — एकटी, नवऱ्याशिवाय. मी पुस्तक मिटलं. शब्द तयारच होते, चांगले धारदार. त्याआधी बुधरी बाकावर सरकली.

“या बाई. जागा हाय.”