बेबीचं ऊन

१० फेब्रुवारी १९३८
मुडदूस! डॉक्टरांनी बेबीचे पाय चाचपून सांगितलं. दीड वर्षाची झाली, अजून चालत नाही. धरून उभी केली की पाय कमानीसारखे वाकतात. "माशाच्या तेलाची बाटली आणा, नाहीतर अंगाला ऊन द्या. दोन्ही नको म्हणालात तर पाय असेच राहतील." टांग्यात रडत घरी आले.

११ फेब्रुवारी
ह्यांनी बाटली आणली. सासूबाईंना लांबूनच वास आला. बाटली घराबाहेर, हे आंघोळीला — दुसऱ्यांदा, तेही गार पाण्यानं! मला हसू आवरेना. मग बेबीकडे पाहिलं आणि हसू गेलं.

१४ फेब्रुवारी
बरं, ऊन! तर सासूबाई म्हणाल्या, "पोर काळी पडली तर पुढं करून घेणार कोण तिला?" वाकडी चालेल, काळी नको! तोंडातल्या तोंडात बोलले. ऐकू गेलं बहुतेक.
शेवटी ह्यांनी तोड काढली. माडीच्या खिडकीला नवी काच आहे — बेबीला काचेआड बसवायचं. वारा नाही, धूळ नाही. वकिली डोकं!

९ मार्च
डॉक्टर पोट धरून हसले. ह्यांना म्हणाले, "दत्तोपंत, काचेतून उजेड येतो. हाडांना लागतं ते बाहेरच राहतं!" महिना फुकट गेला. रागानं मी परात आपटली.

१० मार्च
अंगणात उडदाचे पापड वाळत होते. बेबीला झबलंही न घालता चटईवर बसवली, हातात काठी दिली. "कावळे हाकलायला बसलीय," मी म्हटलं. सासूबाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "डोक्याला फडकं तरी बांध की!"

२ एप्रिल
पापड झाले. सासूबाईंनी सांडगे घातले. मग कुरडया. मग घरात कुणी खात नाही ते बटाट्याचे पापडसुद्धा! वाळवण काही संपत नाही. शेजारच्या गुणाबाईंनी विचारलं, "लगीन हाय काय घरात?"
"व्हय!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

२८ एप्रिल
बेबी चालली! कुणी न धरता, थेट कुरडयांवरून — कुरकुर, कुरकुर. सासूबाई ओरडल्या, "तुडव गं बाई, तुडव!" पाय अजून थोडे वाकडेच आहेत. असू देत. पोटभर रडून घेतलं.

११ मे
बाळंतिणीच्या खोलीची खिडकी आमच्याकडे कायमची फळ्या ठोकून बंद. आज सासूबाईंनी गड्याकडून फळ्या उपटून काढवल्या. "पुढच्याला ऊन लागेल की," म्हणाल्या.
मी तर अजून ह्यांनाही सांगितलं नव्हतं!