आईच्या अंगठ्याचं नख

प्रिय बबडे,

फोनवर सांगायला कितीदा तोंड उघडलं आणि दर वेळी तुझ्या नोकरीचं, हवेचं विचारून गप्प बसले. म्हणून हे पत्र. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे, धावत येऊ नकोस.

अंगठ्याचं दुखणं तुझ्यापासून लपवलं, हे खरं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून 'एकटी राहू नकोस, इकडे ये' असा तू धोशा लावला आहेस. आईला पायाची नखंसुद्धा कापता येत नाहीत हे कळलं असतं, तर तू माझी बॅग भरूनच मोकळी झाली असतीस. आणि मला हे घर सोडायचं नाही गं. वाकवत नव्हतं, म्हणून एकदाच नख खोल कापावं, कोपरे कोरून काढावेत, म्हणजे महिनाभर बघायला नको, हा माझा शहाणपणा. झालं! नख वाढलं ते थेट मांसात घुसलं. अंगठा लालबुंद, चादर टेकली तरी जीव कासावीस. वर तेच घट्ट बूट घालून मिरवत होते, दुखणं कुणाला दिसू नये म्हणून.

खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना दिसलंच. बायको गेल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली करून बसलेत, तेच ते. त्यांनी मला जिन्यातच बसवलं आणि डोळ्याला भिंग लावून अंगठा बघितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण पू दिसताच त्यांनी मला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठा बधिर करून रुतलेली कड काढली आणि मला चांगलं फैलावर घेतलं. नख सरळ कापायचं, फार आखूड नाही, कोपऱ्यात कात्री घालायची नाही, बूट पुढून ऐसपैस हवेत, आणि पुन्हा दुखलं तर घरी कोरत न बसता लगेच यायचं.

रोजची पट्टी बदलायला माझा हात पोचेना, म्हणून घड्याळवाले यायला लागले. पट्टी कधीच सुटली. आता नखं कापायला येतात. नखं काही रोज वाढत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा नुसता चहाच होतो.

बबडे, तुझ्या बाबांची आठवण मला रोज येते. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझा पाय कधी हातात घेतला नाही. ते वाईट नव्हते, त्यांना सुचलंच नसतं. परवा घड्याळवाल्यांनी नख कापता कापता विचारलं, उरलेले दिवस एकत्र काढू या का. मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते. हो म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती, तरी आधी तुला कळवायचं ठरवलं. तू चिडशील, कदाचित रडशीलही. तू नको म्हणालीस तर मी ऐकेन, असा शब्द देत नाही. पण तुझ्या चोरून सुखी व्हायचं मला जमणार नाही.

तुझीच, उत्तराची वाट बघणारी,
आई