कोपरा फाटलेलं पाकीट

दोहा, अल नस्र
११ मार्च १९९९

ती. विजयदादास,
रोझमेरीचा सलाम. मी ठीक, तुम्ही ठीक असा.

तुझं पत्र मिळालं. चार पानं चर्चच्या सव्वाशे वर्षांची आणि आईच्या खोकल्याला अर्धी ओळ. चौथीच शिकलेय, पण एवढं कळतं मला. तिला तालुक्याला नेलं का, डॉक्टर काय म्हणाला, ते आधी लिही.

पुस्तिकेसाठी पाद्री पणजोबांचं विचारतोस. आत्याने तुला सांगितलं तेच मला सांगितलं. तट्टावर बसून गावोगाव फिरायचे, सहा पोरांतली चार पुरली, सगुणापणजी ओसरीवर मुलींची शाळा घ्यायची. दुष्काळाच्या साली ते लांबच्या वाडीत बाप्तिस्मे द्यायला गेले आणि मागे पणजी तापाने गेली. कोपरा फाडलेलं पत्र त्यांच्या हातात आलं. कोपरा फाटला म्हणजे घरात कोणीतरी गेलं, हे आपल्याकडे अजून चालतं. आपले बापू गेले तेव्हाचं पत्र मला इथे तसंच आलं होतं. पणजोबांनी ते खिशात घातलं, चार दिवस काम उरकलं, एकतीस माणसांना बाप्तिस्म्याचं पाणी दिलं आणि मग उघडलं. केवढा विश्वास, असं पाळक दर वर्षी सांगतात आणि बाया डोळे पुसतात. मला लहानपणापासून राग येतो. फोड की मेल्या, असं भर उपासनेत ओरडावंसं वाटायचं. हे छापू नकोस.

मॅडम या महिन्याच्या शेवटी मुलांना घेऊन महिनाभर माहेरी चालल्यात. साहेब कामामुळे अल खोरलाच राहतात, गुरुवारी येतात. मॅडम म्हणाल्या, आईचं काही कमीजास्त झालं तर साहेबांना सांग, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे, त्याच दिवशी पाठवतील. बाई वाईट नाही. आईला सांग, जूनमध्ये येते.

लोभ आहेच, तो आईवर जास्त कर.
तुझी,
रोझमेरी


३ एप्रिल १९९९

चि. रोझमेरीस,
अनेक आशीर्वाद.

आज पुस्तिकेचं काही लिहीत नाही. आईच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. शुद्ध पक्की आहे. जेवत नाही, पण भांडते. केसांना कोणाला हात लावू देत नाही. रोझी येईल आणि विंचरील म्हणते. फणी उशाखाली घेऊन झोपते. केरबाच्या दुकानातून तुला फोन लावतोय, अजून लागला नाही. जूनची वाट बघू नकोस. हे मिळताच नीघ.

कोरडं लिहिलंय, लोभ कोरडा नाही.
तुझा,
दादा


दोहा, २३ एप्रिल १९९९

ती. दादास,
सलाम. खुशाली लिहीत नाही.

परवा फोनवर केरबासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुझं पत्र मला दहा तारखेलाच मिळालं होतं.

साहेबांचा ड्रायव्हर अबूबकर, रत्नागिरीचा, पोस्टाच्या पेटीतून टपाल आणतो. त्याने पाकीट हातात दिलं. कोपरा फाटलेला. मी म्हटलं, आई गेली. पाकीट पिठाच्या डब्याखाली सरकवलं आणि भांडी घासायला घेतली. उद्या फोडीन म्हटलं. उद्याचा परवा झाला. गुरुवारी साहेब आले, जेवता जेवता त्यांनी आईचं विचारलं. बरी आहे, मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. दोनदा फोन वाजला, तूच असशील. मी मिक्सर चालू केला. एकदा खाली कार्डाच्या फोनपाशी गेले, केरबाचा नंबर पाठ आहे, फिरवला नाही.

एकवीस तारखेला खालच्या मजल्यावरची जोस्लीन, वसईची नर्स, पीठ मागायला आली. डबा उचलला आणि पाकीट दिसलं. तिनेच फोडलं. ती वाचत होती आणि मी वाट बघत होते, कधी येतं 'गेली'. आलंच नाही. मग फोनकडे धावले. केरबा म्हणाला, सतरा तारखेला गेली, त्याच संध्याकाळी माती दिली. मग त्याने तुला बोलावलं.

अबूबकरला विचारलं, कोपरा कुणी फाडला. म्हणाला, ताई, माझ्या लेकीला, हनियाला तिकिटं जमवायचा नाद आहे, तिच्यासाठी तेवढं काढलं, आतल्या कागदाला धक्का लावला नाही. मी त्याला नको नको ते बोलले. तो रडला. मग माझ्या ध्यानात आलं, त्याने कोपरा फाडला. डब्याखाली त्याने नाही ठेवलं.

अकरा दिवस, दादा. त्यातले सात ती होती.

लोभ मागायला तोंड नाही.
रोझमेरी


६ मे १९९९

चि. रोझमेरीस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग आला, खोटं कशाला लिहू. मग पणजोबांची वही काढली. तिच्यातलं एक पान मी पुस्तिकेत घेतलं नव्हतं, बरं दिसणार नाही म्हणून. त्यांच्याच शब्दांत उतरवतो.

"कोपरा पाहिला. हात उचलेना. पत्र फोडले नाही तोवर सगुणा घरात आहे, असे चार दिवस धरून चाललो. लोक त्यास विश्वास म्हणतात. ती भीती होती. प्रभूने क्षमा करावी."

आईचे केस शेवटपर्यंत तसेच राहिले. बाया विंचरायला पुढे झाल्या, मीच नको म्हणालो. फणी कपाटात ठेवलीय.

लोभ होता तिथेच आहे.
दादा


दोहा, २० मे १९९९

ती. दादास,
सलाम.

पान वाचलं. आधी जोस्लीनने वाचून दाखवलं, मग माझं मी, बोट ठेवून. बिचारा. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. पण दादा, त्याची बायको गेलेलीच होती. चार दिवस आधी फोडलं असतं तरी गेलेलीच होती. माझी आई अजून होती.

ते पान छाप. पाळकांना आवडो न आवडो. पोरांना कळू दे, आपला पाद्री भ्याला होता. आणि आपल्या घरातून यापुढे कोणाच्याही पत्राचा कोपरा फाडायचा नाही. मी गेले तरी.

जूनमध्ये येते. मॅडम म्हणाल्या, आता कशाला. म्हटलं, फणी आणायला. तू ती धुऊ नकोस.

तुझ्या या पाकिटावरचं तिकीट मी वाफेवर सोडवून हनियाला दिलं. कोपरा शाबूत आहे. तुझं पत्र आता दारातच फोडते, चपला काढायच्या आधी. म्हणून काहीही असलं तरी लिहीत जा.

लोभ असू दे.
तुझी,
रोझमेरी