एकतीस खुणांची रेघ

प्रिय भिंगरी,

अक्षर तुझ्या आईचं आहे, जीभ माझी. ती शाळेत मास्तरीण, त्यामुळे माझं वाक्य संपायच्या आत सुधारायला घेते. मी बजावलंय, सूनबाई, पत्र माझं आहे, तुझ्या वर्गातली वही नाही. तिला वाटतंय, मी तुला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून तुमच्या त्या शोधनिबंधावर सही करायला लावणार. वाटू दे बापडीला. त्या आशेने पेन घेऊन बसली तरी!

फोनवर तू सांगितलंस त्यातलं मला कळलं ते असं. तुझे ते विचित्र कण पापणी लवायच्या आत मरतात. मरताना बहुतेकदा प्रकाशाची जोडी सुटते, हजारात एखाद्या वेळी मात्र एकटाच प्रकाश सुटतो. त्या एकट्यांच्या मागे तू चार वर्षं घालवलीस, आणि ते निघाले मोठ्या लोकांनी कागदावर भाकीत केलं होतं त्याहून जास्त. आता तुमचे प्रमुख म्हणतात, जोडीतला दुसरा यंत्राच्या फटीतून निसटला असेल, हे जास्तीचे तेवीस गाळ आणि सोमवारी सही कर, नाहीतर पुढच्या वर्षी तुझी जागा राहीलच असं नाही. अगं, फटीतून किती निसटतात हे तपासण्यातच तुझे आठ महिने गेले ना, जोडीनेच येणारे प्रकाश यंत्रात सोडून सोडून? आणखी काय हवंय त्या गृहस्थाला, प्रकाशाचा जन्मदाखला?

असे गृहस्थ मी पाहिलेत. तुझ्या वयाची होते तेव्हा जाड पडद्यांच्या खोलीत आम्ही नऊजणी उंच स्टुलांवर बसून दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो. आम्हा बायकांना घेण्याचं कारण सोपं होतं, पगार कमी आणि धीर जास्त. मला लिहितावाचता येतं का हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मोजता येत होतं, तेवढं पुरे होतं. काचेवर फोटोच्या फिल्मला असतो तसला मसाला असायचा, त्यात कणांच्या रेघा उमटलेल्या असायच्या. रेघ मध्येच मोडलेली दिसली की तिथे कण मेला समजायचं, पुढची रेघ मोजायची आणि काही वेगळं दिसलं तर काचेच्या पाठीवर लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. तुझा प्रकाश रेघ उमटवत नाही, मागे उरलेला कण उमटवतो. ती रेघ भिंगातल्या मोजपट्टीच्या सतराव्या खुणेपाशी संपायची. रोज, न चुकता, तुझे आजोबा जेवायला पाटावर हजर व्हायचे तशी.

एक दिवस ती सतरावर थांबलीच नाही. एकतीस! मी तीनदा मोजली. शेजारणीला मोजायला लावली, तिचीही एकतीस भरली, वर मलाच म्हणाली की चहा निवतोय, उगाच नसती उठाठेव नको. गेल्या सुट्टीत तूच मला समजावलंस, एकटा प्रकाश सुटला की उरलेल्या कणाला धक्का मोठा बसतो, म्हणून रेघ लांब जाते. मला तेव्हा त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण एकतीस म्हणजे सतरा नव्हे एवढं ठाऊक होतं. पुढची गोष्ट तुला पाठ आहे. साहेबाने ठिपका पुसला आणि तुझ्या आजीने भर खोलीत त्याची अशी काही हजेरी घेतली की आठ बायका स्टुलावरून पडायच्या बाकी राहिल्या. तू शाळेच्या भाषणातही सांगितलीस आणि बक्षीस आणलंस.

परवा फोनवर तू रडत म्हणालीस, आजी, तुझ्यासारखी छाती माझी नाही, मी सही करून टाकते. म्हणून हे पत्र. पोरी, साहेबाने ठिपका पुसला नव्हता. तो नुसता मागे उभा राहिला आणि म्हणाला, संध्याकाळपर्यंत नीट बघा बाई, चुकणाऱ्या बायका आम्हाला परवडत नाहीत. एवढं बोलून गेलासुद्धा. मी अंगठा थुंकीने ओला केला आणि माझ्याच हाताने ठिपका पुसला. कुणाला एक शब्द बोलले नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेला तसलीच रेघ सापडल्याचं कानावर आलं, तेव्हा मी वाटाणे सोलत होते आणि सोलतच राहिले. हजेरीबिजेरी मी नंतर घरी बसून रचली. तेव्हा माझ्या छातीची बरोबरी करू नकोस, ती नव्हतीच. तुझ्या त्या तेविसांपैकी एकालाही हात लावू नकोस. सोमवारी सगळे मोजून दाखव, सही मागितली तर त्या तेविसांसकट कर. जागा गेली तर इकडे ये, माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, तू घोरतेस ते मी सोसेन. तुझ्या आईने मघाशी पेन खाली ठेवलं होतं. माझ्याकडे बघत बसली, मग नाक पुसून परत उचललं आणि आता एक शब्दही सुधारत नाहीये. खाली अंगठा उठवते. तोच आहे हा, ठिपका पुसणारा. शाई वाळेपर्यंत कुणालाही कागदाला हात लावू देणार नाही.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी