चुलीपुढचं इंग्रजी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्गात काही अडलं की मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते. आज फार थकले आहे, म्हणून कागदावर भांडते.

दहावीला इंग्रजीत माझी दांडी उडणार हे ठरलेलंच होतं. कुंभार पिंपळगावात मुली इंग्रजीतच गळायच्या, आणि गळाल्या की हळद लागायची. आमचे दादा तुमच्या तोंडावर म्हणाले, "बाई, पोरगी पास झाली तर शिकवू. न्हाई तर अंबडचं स्थळ आल्तंच." तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की थेट आमच्या चुलीपाशी येऊन बसू लागलात. नियम एकच. हात जे करतील ते तोंडानं इंग्रजीत सांगायचं. करायच्या आधी, करताना आणि झाल्यावर. मी परातीत पीठ घेते आणि घाईघाईत म्हणते, "आय हॅव मेड ब्रेड." तुम्ही परातच ओढून घेता. "कुठंय? दाखव. अजून पाणी न्हाई घातलं अन् झाली म्हणतीस? अन् ब्रेड कुठून आणलास? भाकरीला भाकरीच म्हण." आई धुरानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत हसते. पुढे पुढे तीही तव्यावर भाकरी टाकताना "आय ॲम" एवढं म्हणायची आणि लाजून गप्प व्हायची. मी पास झाले. दादांनी शब्द पाळला, आणि त्याच इंग्रजीवर मी आज पोट भरते.

आता माझ्या वर्गातली मुलं चार पर्यायांतल्या एकावर खूण करतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "बराबर आलं ना मॅडम, मंग?" येतं खरं. मीही पुढचा प्रश्न घेते. पण एका मुलीचं काही केल्या येत नाही. काल तिचे वडील फाटकाशी थांबले होते. "औंदा दहावी निघाली तर ठीक मॅडम, न्हाई तर लगीन उरकून टाकू." तेच बोलणं, फक्त माणूस वेगळा.

मला तुमचा राग येतो, बाई. दिवसभर घसा फोडून वर आमच्या घरी यायचं बळ तुम्ही कुठून आणत होतात, हे कधी सांगितलं नाहीत. आज मी तिच्या गल्लीपर्यंत गेले. तिची आई दारात भांडी घासत होती. "या की मॅडम, चहा घ्या," म्हणाली. मी म्हणाले, "गडबडीत आहे, नंतर येते," आणि घरी येऊन नुसती पडून राहिले.

गडबड कसलीच नव्हती, बाई.